कुंपण आणि शेत : राष्ट्रीय विमानसेवेच्या संरक्षणाचा प्रश्न

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री त्यांचा पार्थिव देह विमानाने मुंबईकडे निघाला आणि ७ डिसेंबरची पहाट होण्याआधी सांताक्रूझच्या विमानतळावर उतरला. त्या अवेळी तेथे हजारो माणसे जमली होती. गिरणीतली, गोदीतली, रेल्वेच्या रुळांवर राबणारी, नगरपालिकेच्या सफाई खात्यातली. त्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी विमानतळाचे फाटकही पाहिले नसावे. विमान ही वस्तू आपल्या समाजाच्या स्मरणात आहे ती अशी, त्या रात्रीच्या काळोखासकट.

तेव्हा राष्ट्रीय विमान कंपनीला विदेशी स्पर्धेपासून संरक्षण असावे की नसावे, हा वाद आपल्या पानांवर कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. एसटीचे तिकीट काढतानाही ज्याला खिसा चाचपावा लागतो त्याने बोइंग आणि एअरबसची चिंता का वाहावी? हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे. संरक्षण म्हणजे समाजाने भरलेला कर. विदेशी मालावर जकात बसली की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतो. विदेशी विमानांच्या आसनांवर मर्यादा घातली की प्रवासी जास्त भाडे मोजतो. सरकारने कंपनीचा तोटा भरून काढला की, आयुष्यात कधी विमानात न बसलेला माणूसही काडेपेटीवरच्या कराच्या रूपाने ते पैसे मोजतो. ज्याच्याकडून वसुली होते त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

या विषयावर आजवर जे लिहिले गेले त्यात दोनच आवाज ऐकू येतात. एक आवाज राष्ट्राभिमानाचा : शेपटीवर देशाचे नाव असलेले विमान जगात फिरले पाहिजे, त्यासाठी काय पडेल ती किंमत देऊ. दुसरा आवाज बाजाराचा : जो स्वस्त आणि चांगली सेवा देईल त्याला आकाश मोकळे करा, बाकीचे बुडू द्या. दोन्ही आवाज पांढरपेशा घरांतून येतात. कुंपण घातल्यावर आतल्या शेतात कोण कसणार, पीक कुणाच्या घरी जाणार आणि बांधावर उभे कोण राहणार, हा प्रश्न या दोघांनाही पडत नाही. आमच्या मते या वादाचा निवाडा तेवढ्याच प्रश्नावर व्हायला हवा. संरक्षण द्यायचे असेल तर ते अटींवर द्यावे, आणि त्या अटींत आतल्या माणसांच्या वाट्याची अट पहिली असावी.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी लँकेशायरच्या आणि पुढे जपानच्या कापडाविरुद्ध संरक्षण मागितले, तेव्हा त्या मागणीमागे सारी राष्ट्रीय चळवळ उभी होती. देशी कापडावरचा अबकारी कर १९२६ मध्ये गेला. १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर विदेशी कापडावर २० टक्के जकात बसली. कुंपण उभे राहिले. आत काय चालले होते? विणकाम खात्यात, जेथे मजुरी जास्त होती, तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. आपली माणसे सूतकताईच्या कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला तेव्हा मालकांची तर गोष्टच सोडा, संपाच्या पुढाऱ्यांनाही तो गिळणे जड गेले. देशी उद्योग वाचवायचा म्हणून जकातीचा भार जे कापड विकत घेत होते त्यांत महारवाड्यातले लोकही होते. ज्या साच्यावर ते कापड विणले जाई त्या साच्याला हात लावण्याची मात्र त्यांना मुभा नव्हती.

हे उदाहरण मनात ठेवून विमानाच्या इतिहासाकडे वळावे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे छोटे विमान आणले. तेथून भारतीय विमानवाहतुकीचा इतिहास सांगण्याची पद्धत आहे. टाटांची ही हवाई सेवा १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ नावाची कंपनी झाली. १९४८ मध्ये ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता आणि आणखी २ टक्के घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता. त्याच वर्षी ८ जूनला तिचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. महायुद्धानंतर शिल्लक राहिलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळत असल्याने देशात विमान कंपन्यांचे पेवच फुटले होते. परवाने जास्त, प्रवासी थोडे. १९५० च्या राजाध्यक्ष समितीला हीच दुरवस्था तपासावी लागली. (नागपूरकरांना आठवण म्हणून सांगायला हरकत नाही की १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची रात्रीची टपाल-विमाने नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा तेवढाच लाभ त्या शहराला झाला.)

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत आठ कंपन्या एकत्र करून ‘इंडियन एअरलाइन्स’ आणि परदेशी वाहतुकीसाठी ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ अशी दोन महामंडळे झाली आणि १ ऑगस्ट १९५३ पासून त्यांनी कारभार हाती घेतला. हा कायदा संसदेत आणणारे दळणवळण मंत्री होते जगजीवनराम. टाटांना राष्ट्रीयीकरण पसंत नव्हते आणि या मंत्र्यांशी त्यांचे मतभेद सर्वश्रुत आहेत. जगजीवनरामांचे राजकारण आणि आपल्या चळवळीचे राजकारण कधी जुळले नाही, आणि त्याची कारणे येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. परंतु देशातल्या सर्वांत मोठ्या भांडवलदार घराण्याच्या हातून विमाने काढून ती सार्वजनिक मालकीत आणण्याचे काम चांभार समाजात जन्मलेल्या एका मंत्र्याच्या हातून झाले, ही गोष्ट विमानवाहतुकीच्या चकचकीत इतिहासग्रंथांत तळटीप म्हणूनसुद्धा क्वचितच येते. तेथे जुहूची धावपट्टी येते, टाटांचा छोटा विमानपट्टू येतो, आणि मंत्री येतो तो फक्त अडाणी अडथळा म्हणून.

या कायद्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. सरकारला एखाद्या धंद्याची मक्तेदारी घेता येते काय, याविषयी उत्तर प्रदेशातील बसवाहतुकीच्या खटल्यात शंका उभी राहिली होती. ती दूर करण्यासाठी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९ मध्ये भर घालण्यात आली : राज्यसंस्था नागरिकांना वगळून एखादा व्यापार वा उद्योग स्वतः चालवू शकेल. १९५३ चा विमान कायदा याच पायावर उभा आहे. आणि याच पहिल्या घटनादुरुस्तीने, बाबासाहेब कायदेमंत्री असताना, अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घातले गेले, ज्यामुळे मागासलेल्या वर्गांच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. सार्वजनिक मक्तेदारीचा अधिकार आणि सामाजिक न्यायाचा अधिकार एकाच दुरुस्तीत शेजारी शेजारी बसले. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्यसंस्थेच्या मालकीचे असावेत असे मांडले होते, त्यामागचा विचारही हाच होता. राज्यसंस्था बाजूला झाली तर तिच्या जागी स्वातंत्र्य येत नाही, खासगी मालकाची सत्ता येते, हे त्यांनी ओळखले होते.

आता विदेशी स्पर्धेकडे येऊ. आकाश कधीच खुला बाजार नव्हते. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली. त्यामुळे एका देशाचे विमान दुसऱ्या देशात उतरायचे तर दोन सरकारांमध्ये करार लागतो : कोणत्या शहरांत, आठवड्याला किती फेऱ्या, किती आसने. भारताने अमेरिकेशी असा करार १९४६ मध्ये केला. त्याच्या आधारे अमेरिकेच्या बलाढ्य कंपन्या येथे गरजेपेक्षा जास्त आसने घेऊन येऊ लागल्या, तेव्हा भारताने तो करार मोडला आणि १९५६ मध्ये नवा केला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने महासत्तेला आकाशात नाही म्हटले, ही सामान्य गोष्ट नव्हती. एअर इंडियाजवळ तेव्हा मूठभर विमाने होती. संरक्षण नसते तर ती कंपनी उभीच राहिली नसती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. म्हणून संरक्षण मुळातच चूक, असे आम्ही म्हणत नाही. शिवाय ज्यांना ‘विदेशी स्पर्धक’ म्हणतात ते तरी बाजारातले स्वयंभू वीर आहेत काय? सिंगापूर एअरलाइन्स त्या देशाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या पंखाखाली वाढली. १९८५ मध्ये सुरू झालेली एमिरेट्स दुबईच्या राज्यकर्त्यांची आहे. एका सरकारच्या कंपनीने दुसऱ्या सरकारच्या कंपनीला हरवले तर त्याला खुली स्पर्धा म्हणणे ही भाषेची चैन आहे.

मग कुंपणाच्या आत काय पिकले?

एअर इंडियाचे बोधचिन्ह १९४६ पासून एक महाराजा. मोठ्या मिशा, पगडी, झुकलेली मान. संस्थाने खालसा झाली, तनखे गेले, पण प्रजासत्ताकाच्या विमान कंपनीचा चेहरा मात्र महाराजाच राहिला. विमान उतरल्यावर आसनांखालचा कचरा आणि संडास साफ करणारा माणूस कोणत्याही चित्रकाराला सुचला नाही.

तरीही सार्वजनिक मालकीचा एक मोठा लाभ झाला, तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा सुरू झाल्या. १९७० मध्ये त्यांचे प्रमाण अनुसूचित जातींसाठी १५ आणि जमातींसाठी साडेसात टक्के झाले आणि हे धोरण सार्वजनिक उपक्रमांनाही लागू करण्यात आले. विमान कंपन्याही त्यात आल्या. मालचढाईच्या, दुरुस्तीच्या, कारकुनीच्या, तिकीट खिडकीच्या कामांत आपली पहिली पिढी शिरली. निवृत्तिवेतन, औषधपाणी, राहण्याची जागा, मुलांचे शिक्षण, या गोष्टी चाळीतल्या एका घरात आल्या की शेजारच्या चार घरांतली मुले शाळेत टिकतात. हे आपण रेल्वेत पाहिले, बँकेत पाहिले, विमानतळावरही पाहिले. वरच्या जागांची कथा निराळी. अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणासाठी असलेल्या संसदीय समितीला या दोन्ही कंपन्यांच्या नोकरभरतीकडे वेळोवेळी लक्ष घालावे लागले, यातच काय ते आले. वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायचे तर आधी शिक्षणाचा जो खर्च करावा लागतो, तो राखीव जागेच्या कागदाने भरून निघत नाही.

स्त्रियांची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीने नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केले तर नोकरी जाई, पहिल्या गर्भारपणातच नोकरी जाई आणि एरवी पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती ठरलेली. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र उचलून धरली. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप न्याय नव्हे, याचा हा पुरावा. पण या स्त्रिया थेट संविधानातील समतेच्या कलमांवर बोट ठेवून कंपनीला न्यायालयात खेचू शकल्या, त्याचे कारण ती कंपनी राज्यसंस्थेचा भाग होती. खासगी मालकाविरुद्ध ही वाट बहुतेक बंद असते.

सर्वांत बोलका खटला झाडूवाल्यांचा आहे. केंद्र सरकारने १९७६ च्या अधिसूचनेने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, साफसफाई आणि पहारा या कामांसाठी कंत्राटी मजूर लावण्यास बंदी केली. तरीही मुंबईत एअर इंडियाच्या इमारती झाडणारे कामगार कंत्राटदाराचेच राहिले. त्यांची युनियन न्यायालयात गेली, मुंबई उच्च न्यायालयात जिंकली, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कंत्राट पद्धत रद्द झाली की मधला कंत्राटदार नाहीसा होतो आणि कामगार मूळ मालकाचा होतो. हा निर्णय देणाऱ्या पीठावर होते न्या. के. रामस्वामी, दलित समाजातून त्या न्यायालयात पोहोचलेल्या मोजक्या न्यायमूर्तींपैकी एक. झाडूच्या कामात कोणत्या जातींची माणसे असतात हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांच्या दृष्टीने राष्ट्रीय विमान कंपनीचा अर्थ त्या दिवशी कळला : हजेरीपटावर आपले नाव. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ही भूमिका पुढच्या काळासाठी मोडून काढली. बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. कंत्राटदार परत आला. कुणी विदेशी कंपनी त्याला घेऊन आली नव्हती.

राष्ट्रीय विमान कंपनीच्या बाजूने नेहमी सांगितली जाणारी गोष्ट कुवेतची. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले आणि तेथे पोटासाठी गेलेली दीड लाखांहून अधिक भारतीय माणसे अडकली. १३ ऑगस्टपासून ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून १ लाख ११ हजारांहून अधिक माणसांना अम्मानहून मुंबईला आणले गेले. जगाच्या इतिहासात नागरी विमानांनी एवढी माणसे कधी हलवली नव्हती. त्यात कोकणातले खलाशी होते, केरळचे सुतार होते, आंध्रचे गवंडी होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या. त्या कामाचे मोल कमी लेखू नये. पण हा पुरावा आज ताणावा तितका ताणला जात नाही, हेही मान्य केले पाहिजे. २०२० च्या साथीत ‘वंदे भारत’ नावाने माणसे परत आणली तेव्हा नोकरी गेलेल्या मजुरालाही तिकिटाचे पैसे भरावे लागले, आणि तेव्हा कंपनी सरकारीच होती. २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थी आणले ते खासगी कंपन्यांच्या विमानांनीसुद्धा. अडचणीच्या वेळी माणूस घरी आणण्यासाठी सरकारची इच्छा लागते. विमान कुणाचे, हा नंतरचा प्रश्न.

आखाताचा मजूर हा या सगळ्या हिशेबातला खरा सावकार आहे, ज्याला आपण कर्ज दिले आहे हेच ठाऊक नाही. दोन वर्षांतून एकदा गावी येणारा, सामानाचे वजन वाढू नये म्हणून अंगावर तीन सदरे घालणारा हा माणूस एअर इंडियाचे हुकमी गिऱ्हाईक होता. त्याच्या मार्गावर आसने मोजकी ठेवली की भाडे वर राहते. विदेशी कंपन्यांना जास्त आसने हवी असतील तर काही वेळा त्यांना एअर इंडियाशी व्यापारी करार करून रक्कम भरावी लागे. ती रक्कमही शेवटी तिकिटातूनच वसूल होणार. म्हणजे राष्ट्रीय कंपनीचा डोलारा बऱ्याच अंशी या मजुराच्या घामावर उभा होता, आणि जाहिरातीत मात्र लंडन-न्यूयॉर्कचा प्रवासी झळकत होता. त्याच्यासाठी स्वस्त सेवा म्हणून एअर इंडिया एक्सप्रेस सुरू झाली ती २००५ मध्ये, म्हणजे आखाताची वाट रुळून तीन दशके उलटल्यावर.

यानंतरचा भाग लवकर सांगता येतो, कारण कुंपणानेच शेत खाल्ल्याची ती कथा आहे. १९९० नंतर खासगी कंपन्यांना आधी हवाई टॅक्सी म्हणून दार उघडले आणि १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला. १९९७ मध्ये सरकारने ठरवले की विदेशी विमान कंपन्यांना भारतीय विमान कंपनीत भागभांडवल घेता येणार नाही. इतर विदेशी भांडवल चालेल, विमान कंपनीचे नको. त्यामुळे टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची नवी कंपनी जन्मलीच नाही, आणि जेट एअरवेजमधून गल्फ एअर व कुवेत एअरवेज यांना बाहेर पडावे लागले. राष्ट्रहिताच्या नावाने झालेल्या या निर्णयाचा लाभ सार्वजनिक कंपन्यांना किती झाला आणि आधीच बाजारात उभ्या असलेल्या देशी खासगी मालकांना किती, हे ज्याने त्याने ठरवावे. २००४ मध्ये पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने असलेल्या खासगी कंपन्यांना परदेशी उड्डाणाची मुभा मिळाली. आखाताचे मार्ग आणखी काही वर्षे सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवले होते, तेही २००८ पासून खुले झाले. त्याच सुमारास दुबईसारख्या ठिकाणांची आसने झपाट्याने वाढवली गेली. इकडे २००५-०६ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून १११ नवी विमाने मागवली, बहुतेक सारी कर्जावर, आणि २००७ मध्ये दोन्हींचे विलीनीकरण केले गेले. महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात या विमानखरेदीवर आणि आसनवाटपावर कडक ताशेरे आहेत. कंपनी बुडाली तेव्हा दोष मात्र कामगारांच्या संख्येवर आणि, हलक्या आवाजात, ‘राखीव’ माणसांवर टाकला गेला. कर्जाच्या त्या निर्णयांवर सह्या करणाऱ्या खुर्च्यांत राखीव माणसे किती होती?

८ ऑक्टोबर २०२१ रोजी एअर इंडिया टाटांना विकल्याचे जाहीर झाले. किंमत १८ हजार कोटी : त्यांपैकी १५,३०० कोटींचे कर्ज टाटांनी उचलायचे आणि २,७०० कोटी रोख द्यायचे. एकूण कर्ज होते ६१,५६२ कोटी. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारी कंपनीच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, खात्यावर राहिले. एअर इंडियात तेव्हा १२,०८५ कामगार होते : ८,०८४ कायम, ४,००१ कंत्राटी. एक वर्ष कुणाला काढायचे नाही, दुसऱ्या वर्षी काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, अशी अट होती. २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा गेला. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी. नव्या भरतीतल्या राखीव जागा त्याबरोबर संपल्या, आणि त्याबद्दल करारात एक ओळही नव्हती.

येथे आमचा मूळ मुद्दा येतो. कंपनी विकली, पण कुंपण विकले नाही. ते आजही उभे आहे. दुबईसाठी आसनांची मर्यादा २०१४ च्या करारानुसार प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार, आणि ती वाढवण्याची दुबईची मागणी त्यानंतर वर्षानुवर्षे अडवून धरली गेली, भारतीय कंपन्यांना वाढायला अवसर हवा म्हणून. विदेशी विमान कंपनीला भारतीय विमान कंपनीत ४९ टक्क्यांहून जास्त वाटा घेता येत नाही, ही २०१२ पासूनची मर्यादाही आहे. ‘भारतीय कंपन्या’ म्हणजे कोण? देशांतर्गत प्रवाशांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास आता दोन खासगी समूहांकडे आहेत. आणि ज्या सिंगापूर एअरलाइन्सला १९९७ मध्ये राष्ट्रहितासाठी दाराबाहेर ठेवले, तिच्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराचे विलीनीकरण झाल्यापासून एअर इंडियाचाच २५.१ टक्के वाटा आहे. विदेशी स्पर्धक आता कुंपणाच्या आत, मालकाच्या बाकावर बसला आहे. आखातातला मजूर जिथल्या तिथे, जास्तीचे भाडे मोजत. बाहेर पडली ती फक्त राखीव जागा.

सार्वजनिक कंपनीला संरक्षण होते तेव्हा त्या बदल्यात समाजाला निदान काही मागता येत होते : भरतीत वाटा, न्यायालयाची वाट, संसदेत प्रश्न विचारण्याची सोय, आतबट्ट्याच्या मार्गांवरही विमान पाठवण्याची सक्ती. आज संरक्षण तेच आहे, मोबदला शून्य. म्हणून राष्ट्रीय विमान कंपन्या संरक्षणाला पात्र आहेत का, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : ज्या कंपनीला देशाच्या नावाने आकाशाचे हक्क राखून हवे आहेत तिने देशातल्या माणसांसाठी आपल्या आत जागा राखाव्यात. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलून, तंत्रज्ञांच्या भरतीत, व्यवस्थापनात. सफाईचे काम कंत्राटदाराकडून काढून हजेरीपटावर आणावे. हे जमत नसेल तर दुबईची आसने वाढू द्यावीत, मजुराचे तिकीट तरी उतरेल.

गुणवत्तेचा आणि सुरक्षिततेचा आक्षेप येईल, तो ठरलेला आहे. विमान कोण चालवतो ते परवाना ठरवतो, आणि परवान्याची परीक्षा सर्वांना एकच असते. राखीव जागेची मागणी त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेसाठी आहे. देशी वैमानिक अपुरे पडतात तेव्हा याच कंपन्या विदेशी वैमानिक बोलावतात, आणि त्या वेळी कुणाला राष्ट्र आठवत नाही. दुसरा आक्षेप असा की खासगी मालकावर असे बंधन घालता येत नाही. आसनांचे हक्क खासगी नाहीत. ते दोन सरकारांच्या करारातून येतात आणि सरकार ते कंपन्यांना वाटते. रेशनच्या दुकानाचा परवाना देताना सरकार वीस अटी घालते. दुबई, लंडन, सिंगापूरच्या आसनांचे वाटप करताना एकही सामाजिक अट का नसावी, हे संसदेत विचारले गेले पाहिजे, आणि विचारण्याचे काम आपल्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांचे आहे.

सांताक्रूझच्या त्या विमानतळाभोवती आज मोठी वस्ती आहे. धावपट्टीच्या भिंतीला लागून घरे आहेत, दर काही मिनिटांनी पत्रे थरथरतात. तेथल्या किती तरी बाया पहाटेच्या पाळीला भिंतीच्या आत जातात, झाडू मारतात, आणि महिनाअखेरीस कंत्राटदाराच्या माणसाकडून पगार घेतात.